खोकं गप्प पाहिजे

मल्लेशमअण्णा आमच्या कंपनीत पॅकिंगला होते. कंपनी म्हणजे सोलापूरच्या एमआयडीसीत पत्र्याच्या दोन शेड, एक ऑफिस आणि या तिघांना झाकेल एवढा मोठा बोर्ड. शाळा-कॉलेजांचे मायक्रोस्कोप, रासायनिक तराजू, असली नाजूक यंत्रं आम्ही दुरुस्त करतो, काही नवी जुळवतो आणि बाहेरगावी पाठवतो. दुरुस्तीला तीन पदवीधर आहेत. त्यांनी आठ-आठ दिवस खपून नीट केलेलं यंत्र ट्रकमधून सुखरूप पोचवायची जबाबदारी मात्र सातवी शिकलेल्या एका माणसावर होती. कंपनीच्या यादीत त्या माणसाचं नाव सगळ्यांत खाली, वॉचमनच्याही खाली असायचं. वॉचमनला निदान युनिफॉर्म होता.

अण्णा मूळचे टॉवेलच्या कारखान्यातले. कारखाना बंद पडला तेव्हा माग भंगारात गेले आणि अण्णा आमच्याकडे आले. मागांना भाव बरा मिळाला असं म्हणतात. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी आणि ट्रान्सपोर्टच्या हमालांशी हिंदी, अशा तिन्ही भाषांत ते सारख्याच हक्काने शिव्या देत. मी डिस्पॅच क्लार्क. खोकं काट्यावर ठेवायचं, वजन बघायचं, बिल्टी म्हणजे ट्रकवाल्याची मालपावती लिहायची आणि गिऱ्हाइकाचं तक्रारीचं पत्र आलं की माफीचं पत्र पाठवायचं. अण्णा पॅकिंगला असल्यामुळे तुटफुटीबद्दल माफी मला जवळजवळ कधीच मागावी लागली नाही. बाकी सगळ्या गोष्टींबद्दल मागावी लागली.

त्यांचं पॅकिंग बघण्यासारखं होतं, म्हणजे बघवत नसे. शेडच्या कोपऱ्यात मांडी घालून बसायचे. उजवीकडे टॉवेलच्या चिंध्यांचा ढीग: कारखान्यांतून वजनावर आणलेले वीण चुकलेले टॉवेल, कातरलेल्या काठांच्या पट्ट्या, रंग लागलेले तुकडे. सोलापुरात पाण्याचा तुटवडा असेल, टॉवेलचा नाही. मायक्रोस्कोपची भिंगं काढून ती वेगळी गुंडाळायची, सरकणारा प्रत्येक भाग पट्टीने आवळून बांधायचा, मग सबंध यंत्राला बाळंतिणीसारखं गुंडाळून एका खोक्यात, ते खोकं दुसऱ्या खोक्यात, आणि दोन्हींच्या मध्ये चिंध्या ठासायच्या. नव्याने आलेल्या गिऱ्हाइकाला वाटे, आपण चुकून धोब्याकडे आलो.

"फुटतंय ते धक्क्यानं न्हाय बे," ते मला सांगत, "मोकळ्या जागंनं फुटतंय. वस्तूला हलायला जागा दिली की ती मेली."

हा सिद्धान्त त्यांनी आयुष्यातल्या सगळ्या प्रश्नांना लावून ठेवला होता. शेजारच्यांचा मुलगा बिघडला, कारण त्याला मोकळी जागा मिळाली. महापालिका बिघडली, तिथे तर सगळी मोकळीच जागा. मोकळी जागा दिसली की त्यांचे हात शिवशिवत. एकदा मी दोन दिवस रजेवर होतो तर माझ्या टेबलाचा रिकामा खण त्यांनी चिंध्यांनी भरून ठेवला. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "उघडताना खडखडत हुता."

खोकं बंद झालं की ते उचलून कानाशी धरत आणि डोळे मिटून हलवत. आतून बारीकसा टक् आवाज आला तर म्हणत, "बोलायलंय की." मग परत उघडून पहिल्यापासून सगळं. काहीच आवाज आला नाही तर, "गप हाय. न्यू दे." एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण शेडबाहेर तीन पायऱ्या होत्या आणि गप्प असलेलं खोकं अण्णा त्या पायऱ्यांवरून खाली ढकलून देत. एकदा एका कॉलेजचे प्राध्यापक आपला तराजू न्यायला स्वतः आले होते. आपला तराजू बांधला कसा जातो हे त्यांनी कौतुकाने पाहिलं, मग तो पायऱ्यांवरून गडगडत जाताना पाहिला, आणि मला त्यांच्यासाठी पाणी आणावं लागलं. अण्णा त्यांना समजावत होते, "सर, ट्रकवाला टाकणारच हाय. आदी मी टाकून बघतो. माझ्या हातनं वाचलं तर त्याच्या हातनं वाचतंय." तराजूला काही झालं नव्हतं. प्राध्यापकांना बरं वाटायला अर्धा तास लागला.

'काचसामान, सांभाळा' अशा छापील पट्ट्या कंपनीत गठ्ठ्याने होत्या. अण्णा त्या कधीच लावत नसत. त्यांचं म्हणणं असं, की हमालाला जन्मात कुणी सांभाळून घेतलेलं नाही. खोक्याला सांभाळा असं लिहिलेलं वाचलं की त्याला राग येतो आणि तो ते जास्त जोरात आपटतो. हे मला तेव्हा हास्यास्पद वाटलं होतं. पुढे हमालांशी बोलायचा प्रसंग आला तेव्हा तेवढं हास्यास्पद वाटलं नाही.

पट्टीऐवजी त्यांनी शोधलेला पहिला उपाय धार्मिक होता. जुन्या कॅलेंडरवरचं सिद्धेश्वराचं चित्र कापून खोक्याच्या वरच्या बाजूला चिकटवायचं. देवावर कुणी पाय देत नाही, देवाला कुणी उलटा करत नाही. युक्ती फारच चांगली चालली. इतकी चांगली, की एका खेपेला खोकं कुर्डुवाडीला गेलं आणि पुढे जाईना. आठ दिवसांनी मला शोधायला पाठवलं. ट्रान्सपोर्टच्या गोदामात एका उंच फळीवर आमचं खोकं होतं, त्याला झेंडूचा हार होता, समोर उदबत्ती होती आणि खाली नारळाची शकलं होती. तिथला मुकादम मला म्हणाला, "सायेब, आता बसलेला देव उठवायचा कसा?" शेवटी त्याच्या समाधानासाठी मी आणखी एक नारळ फोडला आणि मायक्रोस्कोपची यथासांग उत्तरपूजा करून तो ताब्यात घेतला. नारळाचं बिल कंपनीने मंजूर केलं नाही.

अण्णांनी यातून धडा घेतला. माणसं श्रद्धेने वागतात तेव्हा भरवसा नसतो, किळसेने वागतात तेव्हा असतो, हा तो धडा. पुढच्या महिन्यापासून आमच्या प्रत्येक खोक्यावर त्यांच्या ठळक अक्षरात लिहिलेलं असे: 'लघवीचे नमुने. उभे ठेवा.' काय सांगू, आमच्या मालाला इतक्या अदबीने कुणी कधी वागवलं नव्हतं. हमाल खोकं दोन हातांनी, अंगापासून लांब धरून नेत. त्यावर कुणी बसत नसे, वर दुसरा माल रचत नसे, आडवं तर करतच नसे. पंढरपूरच्या एका प्राचार्यांनी मात्र ते दोन दिवस ऑफिसबाहेर चपलांशेजारी ठेवलं आणि आम्हाला चार पानी पत्र लिहिलं. मी ते अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "दोन दिवस उभंच हुतं की न्हाय?"

अशी चौदा-पंधरा वर्षं गेली, आणि मग आमच्याकडे सुधारणा आली. ती मोठ्या साहेबांच्या भाच्याच्या रूपाने पुण्याहून आली. निनाद सर मॅनेजमेंट शिकले होते आणि ते कुठेतरी करून बघायला त्यांना जागा हवी होती. पहिल्या आठवड्यात त्यांनी घड्याळ लावून अण्णांचं काम मोजलं. एका मायक्रोस्कोपला पन्नास मिनिटं. त्यांनी फुग्याफुग्यांचं प्लास्टिक मागवलं, हवा भरलेल्या पिशव्या मागवल्या, आणि तेच काम अकरा मिनिटांत करून दाखवलं. त्यांचं खोकं देखणं होतं, लग्नात द्यायला हरकत नव्हती. अण्णांनी ते कानाशी धरून हलवलं आणि काही न बोलता खाली ठेवलं. त्या न बोलण्याचा सरांना जास्त राग आला.

त्याच सुमाराला जेऊरकडच्या एका खेड्यातले गुरुजी दोन मायक्रोस्कोपची ऑर्डर घेऊन आले. ऑफिसात त्यांना पाच मिनिटं मिळाली, अण्णांच्या कोपऱ्यात दोन तास. गावाने सलग दोन वर्षं जत्रेतला तमाशा रद्द करून हे पैसे उभे केले होते. गावातले बाप्ये गुरुजींशी अजून नीट बोलत नव्हते. "माझी अब्रू हाये बगा ह्या दोन डब्यांत," गुरुजी अण्णांना म्हणाले. "फुटकं आलं तर पोरं न्हाई, पोरांचे बापच मला धरत्याल."

निनाद सरांना ही ऑर्डर अगदी सोयीची वाटली. त्यांनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं आणि पैज लावल्यासारखं जाहीर केलं, फक्त त्याला 'ट्रायल' म्हणाले. एक मायक्रोस्कोप अण्णा बांधतील, एक ते स्वतः. दोन्ही एकाच ट्रकने जातील. सरांचा फुटला तर अण्णांची पद्धत कायम. सरांचाही शाबूत पोचला, तर पहिल्या तारखेपासून पॅकिंगचं काम बाहेरच्या एजन्सीला, आणि अण्णांनी आता घरी आराम करावा. आराम हा शब्द त्यांनी फार प्रेमाने उच्चारला.

आराम म्हणजे काय हे अण्णांना ठाऊक होतं. त्यांची बायको घरी विड्या वळते. कारखाना बंद पडल्यावरचे सात महिने अण्णांनी तिच्या हाताखाली पानं कातरत काढले होते आणि त्यांच्या कातरण्यावर ती रोज नावं ठेवत होती. त्या सात महिन्यांबद्दल ते कधी बोलत नसत. एकदाच म्हणाले होते, "घरात बसलेला बाप्या म्हंजे मोकळी जागा बे." त्यामुळे ट्रायलचा निकाल त्यांच्यासाठी काय होता, हे शेडमधल्या सगळ्यांना कळत होतं.

आणि खरं सांगायचं तर जिंकायला त्यांना काहीच करावं लागणार नव्हतं. ट्रकच्या दिवशी सकाळी मी दोन्ही खोकी वजन करून कच्च्या वहीत लिहिली. सरांचं खोकं सात किलो दोनशे. ते काट्यावरून उतरवताना मला अण्णांची सवय लागल्यामुळे मी जरा हलवून पाहिलं. आत टक् झालं. मायक्रोस्कोपची ज्यावर काचपट्टी ठेवतात ती पाटी आत सैल होती. जेऊरच्या रस्त्याला असल्या आवाजाचं काय होतं, हे मलाही समजत होतं. मी वर पाहिलं. शेडच्या पलीकडच्या टोकाला अण्णांनी मान खाली घातली होती. त्यांनीही ऐकलं होतं. मला मनातून आनंद झाला. चला, अण्णा जिंकले, असं म्हणून मी जेवायला गेलो.

जेवून आलो तेव्हा अण्णांचा डबा न उघडलेला होता आणि त्यांच्या बोटांना चिकटपट्टीचे तुकडे लागलेले होते. तीनला ट्रक आला. माल चढवताना बिल्टीसाठी वजन पुन्हा करायचं, असा नियम आहे. सरांचं खोकं काट्यावर ठेवलं. आठ किलो सातशे. हलवून पाहिलं. गप्प.

मी अण्णांकडे बघतच राहिलो. पंधरा वर्षांत मी त्यांना आळशी पाहिलं नव्हतं, पण मूर्खही पाहिलं नव्हतं. आयती हातात आलेली पैज या माणसाने आपल्याच हाताने चिंध्या ठासून घालवली होती.

"अण्णा, हे काय केलं?"

"कुटं काय. काटा काय म्हणतोय त्ये लिही," ते म्हणाले. "वजन लिहायचं काम तुझं हाय."

मी सकाळचं वजन लिहिलं. सात किलो दोनशे. मला वाटलं मी अण्णांना वाचवतोय. खोकं परत उघडलं हे सरांना कळलं असतं तर लबाडी केली म्हणून त्यांनी तिथल्या तिथे काढलं असतं. असं मला तेव्हा वाटलं. सरांच्या खोक्याचं वजन वाढलं कसं हे मला त्यांना समजावून सांगावं लागणार नाही, हेही मला तेव्हाच वाटलं होतं.

चौथ्या दिवशी गुरुजींचा फोन आला. ते इतके खूश होते की त्यांचं सगळं बोलणं मला दोनदा ऐकावं लागलं. दोन्ही मायक्रोस्कोप ठणठणीत. पोरांनी कांद्याचा पापुद्रा बघितला. दोन्ही खोक्यांत टॉवेलचे तुकडे निघाले, ते फळा पुसायला ठेवून घेतले, चालेल ना? मी म्हटलं, चालेल. निनाद सर समोर उभे होते. त्यांनी विचारलं, "दोन्ही ओके?" मी म्हणालो, "दोन्ही ओके, सर." त्यांनी टॉवेलबद्दल काही विचारलं नाही. विचारलं तेवढ्यालाच उत्तर द्यायचं, हा गुण मी नोकरीत कमावलेला आहे.

महिनाअखेरीला अण्णांचा सत्कार झाला. टॉवेल, टोपी आणि नारळ. मोठ्या साहेबांनी भाषणात त्यांना कंपनीचा कणा म्हटलं आणि कणा काढून टाकल्याबद्दल सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी टॉवेल उलटसुलट करून पाहिला. "वीण बरी हाय," एवढंच बोलले. सगळे सामोसे खायला गेले तेव्हा ते बाहेरच्या पायऱ्यांवर बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो आणि म्हणालो, "अण्णा, मी सरांना सगळं सांगतो."

"काय सांगणार?"

"तुम्ही बांधलं म्हणून त्यांचं फुटलं नाही, हे."

"न फुटलेल्या वस्तूचा पुरावा कुणी देतंय व्हय?" ते म्हणाले. मग टॉवेलची घडी घालत म्हणाले, "एक पुरावा हुता. तुझ्या काट्यावर हुता, दीड किलोचा. मी तुला म्हटलं की, काटा म्हणतोय त्ये लिही म्हणून. तू सकाळचं लिहिलास."

त्यांचा आवाज चढला नव्हता. मला वाटलं होतं ते मला झाकायला सांगताहेत. ते मला सगळं उघडं करायला सांगत होते. गुरुजींचं यंत्र वाचावं म्हणून त्यांनी ते बांधलं, आणि आपली नोकरी वाचावी म्हणून माझ्यावर भरवसा ठेवला. त्यांतलं पहिलं काम नीट झालं. मला फार लाज वाटली आणि मी आत जाऊन सामोसा खाल्ला.

पुढच्या दोन महिन्यांत सात यंत्रं फुटली. निनाद सरांनी त्याला ट्रान्सपोर्टचा दोष म्हटलं, मग रस्त्यांचा, मग हवामानाचा. मी तुटफुटीच्या माफीचीही पत्रं लिहायला शिकलो. आणि मग एकाएकी तुटफूट थांबली. एक महिना गेला, दोन गेले, काही फुटलं नाही. एजन्सी आता तयार झाली, असं सरांनी मीटिंगमध्ये सांगितलं आणि आपल्या पद्धतीचा तक्ता फ्रेम करून भिंतीवर लावला. एकच गोष्ट त्यांना खटकत होती. आमचं प्रत्येक खोकं पलीकडे उतरताना आमच्या बिल्टीपेक्षा किलो-दीड किलो जास्त भरत होतं. ट्रान्सपोर्टवाले वजनात काहीतरी लबाडी करताहेत, जाऊन पकडा, असं म्हणून त्यांनी एका दुपारी मला ट्रान्सपोर्टच्या सोलापुरातल्या गोदामात पाठवलं.

गोदामात हमाल जेवून आडवे झाले होते. त्यांना काही विचारावं लागलंच नाही. आतल्या बाजूला, पोत्यांच्या आडोशाला, आमची चार खोकी होती आणि मध्ये मल्लेशमअण्णा मांडी घालून बसले होते. शेजारी चिंध्यांची पिशवी. दोन खोकी उघडून पुन्हा बंद केलेली, तिसरं मांडीवर. दाढी वाढली होती, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधली होती. एक हमाल झोपेतूनच मला म्हणाला, "रोज येतेत अण्णा. आमी काय म्हणाव?"

अण्णांनी मला पाहिलं. चोरी पकडली गेल्यासारखं काहीही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं.

"त्या फुटलेल्या सातांत शाळंचे किती हुते?" त्यांनी विचारलं.

"चार."

त्यांनी मांडीवरच्या खोक्याच्या कोपऱ्यात आणखी एक पट्टी सरकवली आणि अंगठ्याने दाबून बसवली. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "अण्णा, या वेळी मी खरं वजन लिहितो. इथलं आणि तिथलं, दोन्ही. सरांच्या टेबलावर नेऊन ठेवतो. काय व्हायचं ते होऊ दे." इतकं धीराचं वाक्य मी नोकरीत पहिल्यांदाच बोललो होतो.

"लिहू नको," अण्णा म्हणाले. "तवा लिहिला असतास तर काम राहिलं असतं. आता लिहिलास तर हितनंबी घालवत्याल मला."

"मग सरांना सांगू काय?"

"तुमचाच काटा बिघडलाय म्हण की. न्हाईतर काय." त्यांनी खोक्याला चिकटपट्टी लावली, ते दोन्ही हातांनी उचलून कानाशी धरलं आणि डोळे मिटले. मी आणखी काहीतरी बोलायला गेलो तर डोळे न उघडताच म्हणाले, "आता जरा गप बस बे. ऐकू दे."

गप्प बसण्यात माझा हात कोण धरणार? मी गप्प बसलो.